पंधरा पौंडांवर चोवीस तास

३ नोव्हेंबर

रेडिएटर दुरुस्ती दुकानाचे मालक यांस,

सोबतच्या पार्सलात माझ्या जुन्या गाडीच्या हीटरची जाळी आहे. इंजिनातलं गरम पाणी जिच्यातून फिरतं आणि बसणाऱ्याच्या पायाशी ऊब येते, ती डॅशबोर्डमागची छोटी जाळी. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण पार्सल भलत्याच्या हाती पडलं तर त्याने ते भंगारात टाकू नये म्हणून लिहिलं.

ही जाळी गाडीबरोबरच कारखान्यातून आलेली आहे. गेली बावीस वर्षं ती बंद आहे. नळ्या परस्पर एकमेकींना जोडून टाकल्यामुळे गाडी चालते, पण आत थंडीने दात वाजतात. जाळी दाबाखाली तपासावी, गळत असेल तिथे दुरुस्त करावी आणि परत पाठवावी. 'दुसऱ्या गाडीची नवी बसवा' असं कृपया सुचवू नये. इथल्या तीन कारागिरांनी ते सुचवून झालं आहे. मला हीच हवी.

तुमच्या हाताला गुण आहे असं कानावर आलं. काम महिनाअखेरच्या आत व्हावं.

आपला,
एक गाडीमालक

९ नोव्हेंबर

गाडीमालक यांस,

पार्सल मिळालं. जाळी गुंडाळायला तुम्ही बस डेपोची जुनी वेळापत्रकं वापरलीत. त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव वाचायची गरज पडली नाही. अक्षरही ओळखीचं आहे. माझ्या प्रगतिपुस्तकावर त्याच अक्षरात 'पाहिले' असं लिहिलेलं असायचं, त्याच्यापुढे कधी काही नाही.

पण तुम्ही गिऱ्हाईक म्हणून लिहिलंत, तर मी दुकानदार म्हणून उत्तर देतो.

जाळीचं एक तोंड रबरी बुचाने बंद केलं, दुसऱ्यातून हातपंपाने हवा भरली आणि ती पाण्याच्या टाकीत बुडवली. पाच पौंड दाबालाच बुडबुडे सुटले. पितळी नळ्या आणि तांब्याच्या पट्ट्या अजून शाबूत आहेत, तेव्हाचं काम तसं भक्कम असायचं. गळती आहे ती एकाच जागी, खालच्या तोंडापाशी. तिथला सांधा मूळचा नाही. कुणीतरी नंतर कथील वितळवून डाख दिलेला आहे. डाख देणारा नवशिका होता, वय साधारण अठरा असावं. कथील वरवर पसरलंय, आत उतरलेलंच नाही.

एक विचारतो. बावीस वर्षं ऊब लागली नाही, मग आताच कुणाला लागली?

दुकानदार

१४ नोव्हेंबर

दुकानदारास,

हीटर गाडीत बसणाऱ्यासाठी असतो. माझ्या गाडीत माझ्याशिवाय एकच माणूस बसतं, हे तुला ठाऊक आहे.

तिला हल्ली थंडी फार वाजते. वयाच्या मानाने बरी आहे, काळजीचं कारण नाही. तळ्याकाठी एक चक्कर मारून यायची एवढंच तिच्या मनात आहे. पूर्वी आपण जायचो, तू मागच्या सीटवर हातोडीने काहीतरी ठोकत बसायचास, त्याच तळ्याकाठी. गेल्या आठवड्यात निघालो होतो, कोपऱ्यावरून परत यावं लागलं. घोंगडी, मोजे, माझा कोट, सगळं पायावर घातलं तरी तिचे पाय लाकडासारखे गार.

फोन करून सांगितलं असतं. पण फोनवर आपण दोघंही पहिल्या वाक्याला ठेवून देऊ, म्हणून कागद बरा.

तर आता नवशिक्याचा तो सांधा काढून नीट डाख दे, एकदा दाब तपास आणि पाठवून दे. दोन तासांचं काम आहे. उगाच घोळ घालत बसू नकोस.

बाबा

१९ नोव्हेंबर

बाबा,

'दोन तासांचं काम आहे.' हे वाक्य वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी तुम्ही हेच शब्द वापरले होते. विसरला असाल तर आठवण करून देतो, कारण मी विसरलेलो नाही.

मी नुकताच काम शिकायला लागलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा सांधा दिला होता आणि जाळी टाकीत बुडवायला निघालो होतो. तुम्ही घड्याळ हातात धरून आत आलात. चारचं लग्न होतं. मी म्हटलं, बाबा, दाब तपासायचा राहिलाय, अर्धा तास द्या. तुम्ही म्हणालात, 'लग्न तुझ्या अर्ध्या तासासाठी थांबणार नाही', आणि माझ्या हातातून जाळी ओढून नेलीत. स्वतःच बसवलीत. वाटेत सांधा सुटला आणि उकळतं पाणी आईच्या पायांवर गेलं.

मग लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, घरी आलेल्या प्रत्येकाला तुम्ही काय सांगितलंत? 'ठोक्याच्या हातचं काम.' एवढंच. मामाने माझ्याशी बोलणं टाकलं. मी तुमच्या तोंडाकडे पाहत राहिलो की आता म्हणतील, आता म्हणतील. तुम्ही म्हणाला नाहीत. आठव्या दिवशी मी घर सोडलं.

तेव्हापासून माझ्या दुकानातून तीन चाचण्या झाल्याशिवाय एकही जाळी बाहेर गेलेली नाही. पहिली गार पाण्यात. दुसरी गरम पाण्यात, कारण काही सांधे तापल्यावरच तोंड उघडतात. तिसरी म्हणजे पंधरा पौंड हवा भरून चोवीस तास तशीच ठेवायची आणि दाबमापकाचा काटा हलतो का पाहायचा. तुमच्या गाडीत दाब सातच असतो. मी दुपटीने तपासतो. लोक हसतात, 'रेडिएटर आहे का पाणबुडी' म्हणतात. हसू देत.

जुना डाख काढून नवा दिलाय. पण तिन्ही चाचण्या होईपर्यंत जाळी तुमच्या हाती पडणार नाही. तुम्ही कितीही घाई करा. तिच्या पायांवर पुन्हा पाणी सांडलं तर तुम्हाला काय, तुमच्याकडे सांगायला नाव तयार आहे.

ठोक्या

२५ नोव्हेंबर

ठोक्या,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे.

हे एक वाक्य लिहायला मला तीन कागद फाडावे लागले. जाळी तुझ्या हातातून मी ओढली. दाब तपासायचा राहिलाय हे तू सांगितलं होतंस, मी ऐकलं होतं. अठ्ठावीस वर्षं डेपोत वेळापत्रक सांभाळलं, कुणाची गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली तर मी त्याची सालटी काढायचो. मला वाटायचं, वेळेवर पोचलं की सगळं बरोबर. तुझी आई किंचाळली तेव्हा मी घाबरलो. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी जे पहिलं नाव आलं ते घेतलं. मग ते मागे घ्यायला लाज वाटली. लाजेला बावीस वर्षं होतील असं कुणाला वाटतं?

तुला हवा तेवढा वेळ घे. एक चाचणी कर, तीन कर, दहा कर. माझी घाई नाही.

झाली की पार्सल करू नकोस. जमलं तर स्वतः घेऊन ये आणि बसव. माझे हात आता डॅशबोर्डखाली वळत नाहीत.

बाकावर बसून लिहितोय, त्यामुळे अक्षर वाकडं आलंय. समजून घे.

बाबा

३ डिसेंबर

ती. बाबांस,

तुमचं पत्र दुकानातल्या खुंटीवर, बिलांच्या पुढे लावलंय. दिवसातून चारदा वाचतो. 'माझी घाई नाही' हे वाक्य तुमच्या हातून उतरलेलं पाहीन असं वाटलं नव्हतं. सूर्य कुठून उगवला ते बघायला खिडकीत गेलो. बाकावर बसून कसलं पत्र लिहिता? पेन्शनच्या रांगेत होतात का?

आता माझी फजिती ऐका, आणि आईलाही वाचून दाखवा, हसेल.

पत्र मिळालं त्याच दिवशी, २८ला, मी ३०च्या रात्रीच्या बसचं तिकीट काढलं. गार चाचणी झाली होती, गरमही झाली होती. दुकान बंद करताना पंधरा पौंड हवा भरली आणि जाळी टेबलावर ठेवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ३०ला सकाळी बॅग घेऊनच दुकानात आलो, तर काटा अर्ध्या पौंडाने उतरलेला.

बाबा, मी घाबरलो. काही विचार न करता डाख द्यायचा दिवा पेटवला, सांधा वितळवून मोकळा केला, बॅग कोपऱ्यात टाकली आणि तिकीट परत करून आलो. दोन दिवस तोंड पाडून बसलो. काल चहा पिताना डोक्यात प्रकाश पडला. सुट्टीमुळे भट्टी बंद होती, दुकान गारठलं होतं. गारठ्याने आतली हवा आकसते आणि काटा आपोआप उतरतो. गळती वगैरे काही नव्हती! हे मी हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगतो. दुसऱ्या कुणाची जाळी असती तर शिट्टी वाजवत भट्टी पेटवली असती आणि काटा जागेवर आलेला पाहिला असता. या जाळीपुढे मी पुन्हा अठराचा झालो.

असो. नवा डाख दिलाय. पुन्हा तिन्ही चाचण्या करतो, या वेळी भट्टी चालू ठेवून. १२ला निघतो. जाळी मांडीवर घेऊनच येणार आहे.

आईला सांगा, मी आल्यावर आधी तिचे पाय बघणार आहे. डाग राहिलेत का, हे बावीस वर्षं कुणाला विचारता आलं नाही. आणि तिला विचारा, चाळिशी गाठलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला ती अजून ठोक्या म्हणेल का.

तुमचा,
ठोक्या

८ डिसेंबर

ठोक्या,

तुझी आई परवा, ६ तारखेला, सकाळी गेली. तुझं पत्र काल आलं.

काल तुझ्या दुकानात फोन लावायला उठलो होतो. तेवढ्यात टपाल आलं. 'आईलाही वाचून दाखवा, हसेल' इथपर्यंत वाचलं आणि मग फोन होईना. सगळं उरकलं आहे. लोकांनी विचारलं, कुणाची वाट पाहायची आहे का. मी नाही म्हणालो. तुला कळवायला तोंड नव्हतं.

आता तुला सगळं सांगतो, आधी सांगितलं नाही म्हणून रागव, पण वाच.

तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी सप्टेंबरातच सांगितलं होतं. मी तुला जाळी पाठवली ती त्यामुळे. तिची इच्छा तळ्याची होती आणि माझी तुझी होती. सरळ 'ये' म्हणायला जीभ वळली नाही, म्हणून पितळेचं ते जुनं डबडं पाठवलं. २२ नोव्हेंबरला तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी तुझं १९चं पत्र आलं, ते मी तिथेच फोडलं. तिने लांबूनच पाकिटावरचं अक्षर ओळखलं. तोवर मी तिला जाळी कुणाकडे आहे ते सांगितलंच नव्हतं, 'एका कारागिराकडे' म्हणालो होतो.

'वाचा,' म्हणाली. मी वाचलं. मधला भाग गाळला. ती म्हणाली, 'गाळलेलं वाचा.'

वाचून झाल्यावर तिने कागद स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाली, 'खरंच तर लिहिलंय पोराने. मीही तेव्हा म्हणत होते, थांबू या अर्धा तास.' ती तसं म्हणाली होती, ठोक्या. मला आठवतंय. तिने बावीस वर्षं मला एकदाही तोंडावर खोटं पाडलं नाही, आणि मला वाटत राहिलं की ती विसरली.

मी म्हणालो, आत्ता तार करतो, उद्या येईल. तिने माझा हात धरला. म्हणाली, 'मी दवाखान्यात आहे हे कळवायचं नाही. हातातलं काम टाकून धावत येईल, आणि तुम्ही दुसऱ्यांदा त्याच्या हातातून ते ओढल्यासारखं होईल. या वेळी त्याला त्याच्या मनासारखं तपासू दे. त्याला लिहा, तुमची घाई नाही.'

म्हणून ते पत्र तसं लिहिलं. दवाखान्याच्या बाकावर बसून. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, त्यात मी तिचं शब्दाला शब्द ऐकलं ते त्या दिवशी.

२८ला तिला घरी आणलं. रोज विचारायची, 'कितवी चाचणी झाली असेल?' मी बोटं मोजून सांगायचो. २ तारखेला ऊन चांगलं पडलं होतं. तिला उचलून गाडीत बसवलं. गाडी जागची हलवली नाही, नुसते दोघं बसलो. पायांवर घोंगडी, गरम पाण्याची पिशवी. हीटरच्या झडपेपाशी हात नेऊन म्हणाली, 'येईल ना हो गरम?' मी म्हणालो, 'येईल.' पंधरा मिनिटं बसलो असू. मग म्हणाली, पुरे.

तू विचारलंस त्याचं उत्तर. डाग होते, दोन्ही नडग्यांवर. आणि ती तुला ठोक्याच म्हणायची, माझ्यासमोर नाही.

बाबा

१२ डिसेंबर

बाबा,

मी आज निघणार होतो. निघालो नाही.

जाळी तयार आहे. काटा चोवीस तास पंधरावर होता, केसभरही हलला नाही. पार्सलने पाठवतो.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला मोजता येतं. या वेळी दिलेला पहिला डाख चांगला होता. तो वितळवला नसता तर मी १ डिसेंबरला सकाळी घरी असतो. २ तारखेला ती गाडीत बसली तेव्हा डॅशबोर्डखाली माझे हात असते. पाच दिवस मिळाले असते, बाबा. तळंही झालं असतं. अर्ध्या पौंडाच्या काट्यापायी मी तिला थंडीत ठेवलं. त्या वेळी निदान तुम्ही होतात दोष द्यायला. या वेळी मी एकटा होतो, माझ्याच दुकानात, आणि मला कुणी घाई केली नव्हती.

लोकांपुढे काय तोंड घेऊन येऊ? मामा विचारेल, कुठे होतास. मी सांगू का, की काम तपासत होतो?

येत नाही. तुम्ही जपा.

ठोक्या

१६ डिसेंबर

ठोक्या,

पार्सल परत पाठवणार आहे. न फोडता; जाळी तुझ्याच हातून आली पाहिजे. आधीच सांगून ठेवतो.

तू म्हणतोस, चूक तुझी. असेल. काटा उतरला, तू घाबरलास आणि जे समोर होतं ते मोडलंस. मीही घाबरलो होतो आणि जे समोर होतं ते मोडलं. तू ते तिसऱ्या दिवशी कागदावर लिहून मला कळवलंस, मला त्याला बावीस वर्षं लागली. तुझ्यात आणि माझ्यात एवढा फरक आहे, आणि तो तिच्याकडून आला असणार.

मामा आला होता. खोलीत दहा-बारा माणसं होती, त्या लग्नातली चार-पाच तरी. मामा मला म्हणाला, 'तुझा तो पोरगा आईच्या मरणालाही फिरकला नाही ना?' मी उभा राहिलो. सांगितलं की त्याला मी कळवलंच नाही. आणि मग उभाच आहे तर तेही सांगितलं, की त्या दिवशी जाळी त्याच्या हातातून न तपासता मी ओढून नेली होती, भाजलं ते माझ्यामुळे. मामा उठून माझ्यापाशी आला. मला वाटलं मारतो. म्हणाला, 'हे ताई असताना सांगायला तुला काय झालं होतं?'

तो गेला तेव्हा दारात म्हणाला, पोरगा आला की मला कळव.

लोकांपुढे कुठलं तोंड, असं विचारतोस. जे आहे ते घेऊन ये. इथे आता तुझ्याकडे कुणी तसं बघणार नाही. बघायचं तर माझ्याकडे बघतील.

घाई करू नका असं तुझ्या आईने सांगितलं होतं. ते तिने तुझ्यासाठी सांगितलं, आणि मी पाळलं. आता माझ्यासाठी मी सांगतो. मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे. घरात दोन खुर्च्या आहेत आणि मी अजून तिच्या खुर्चीवरचं घोंगडं उचललेलं नाही. तू लवकर ये. जाळी बसवायची की नाही ते आल्यावर बघू.

डेपोत जाऊन विचारून आलो. तुझ्याकडून सकाळची पहिली गाडी साडेसहाला आहे. ती चुकली तर सव्वानऊची आहे. तीही चुकली, तरी ये.

बाबा